अवतरणाचा हक्क आणि बातमीचे मोल

वर्तमानपत्रातील उतारा वर्गात वाचून दाखवणारा शिक्षक, अग्रलेखातील दोन वाक्ये वादविवाद स्पर्धेत उद्‌धृत करणारा विद्यार्थी आणि संपादकांना पाठवलेल्या पत्रात एखाद्या बातमीचा आधार देणारा कारकून, यांच्यापैकी कोणालाही आपण परक्याच्या मालमत्तेला हात लावीत आहोत असे आजवर वाटले नाही. तसे वाटण्याचे कारणही नव्हते. तथापि हीच माणसे हेच काम मोबाईलच्या पडद्यावर करू लागली, की प्रश्नाचे स्वरूप पालटते. स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांना चालू घडामोडी समजावून देणारा सोलापुरातील एखादा शिक्षक किंवा उजनीच्या पाण्याच्या वाटपावर टीका करणारा एखादा तरुण आपल्या व्हिडिओत वृत्तसंस्थेने टिपलेले आठ-दहा सेकंदांचे दृश्य दाखवतो, तेव्हा तो अवतरण देत असतो की चोरी करीत असतो? या प्रश्नाचे उत्तर कोणी द्यायचे आणि कशाच्या आधारे द्यायचे, यावर लहान माणसाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे भवितव्य पुष्कळ अंशी अवलंबून आहे.

मे २०२५ मध्ये हा प्रश्न देशभर गाजला. मोहक मंगल या यूट्यूबवरील भाष्यकाराने एएनआय या वृत्तसंस्थेविरुद्ध जाहीर आरोप केला. आपल्या व्हिडिओंत संस्थेची काही सेकंदांची दृश्ये आली म्हणून संस्थेने यूट्यूबकडे स्वामित्वहक्कभंगाच्या तक्रारी केल्या आणि त्या मागे घेण्यासाठी परवान्यापोटी चाळीस लाखांहून अधिक रुपये मागितले, असे त्याचे म्हणणे होते. आपल्या कृतींचे रक्षण करणे हा आपला कायदेशीर अधिकार आहे, अशी संस्थेची भूमिका राहिली. तिने मानहानीचा दावाही दाखल केला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्या भाष्यकाराला व्हिडिओतील काही आक्षेपार्ह भाग काढून टाकण्यास सांगितले. त्या दोघांमधील वादाचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे. परंतु त्यातून वर आलेला प्रश्न दोघांपुरता नाही.

या प्रश्नावर दोन टोकाची मते ऐकू येतात. जे इंटरनेटवर आले ते सर्वांचे झाले, असे एक मत. जे आमच्या कॅमेऱ्याने टिपले त्याचा प्रत्येक क्षण आमचा आणि त्याची किंमत आम्ही सांगू ती, हे दुसरे. दोन्ही मते सोयीची आहेत, आणि दोन्ही सारखीच चुकीची आहेत.

बातमीचा खर्च कोणाच्या माथी?

पहिल्या मताचा विचार आधी केला पाहिजे, कारण विद्यार्थिवर्गात ते फार लोकप्रिय आहे. बातमी आकाशातून पडत नाही. घटनास्थळी माणूस पाठवावा लागतो, त्याला पगार द्यावा लागतो, खरेखोटे पारखावे लागते, चुकीची जबाबदारी घ्यावी लागते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर बातमीची पहिली प्रत अत्यंत महाग असते आणि दुसरी प्रत जवळजवळ फुकट असते. ज्या मालाची दुसरी प्रत फुकट निघते, त्याच्या बाजारात पहिल्या प्रतीचा खर्च दुसऱ्याच्या माथी टाकून स्वतः नफा काढण्याचा मोह प्रत्येकाला होतो. सर्वांनीच तो मोह पुरवला, तर पहिली प्रत काढण्यास कोणी उरत नाही.

वृत्तसंस्था नावाची व्यवस्था या अडचणीतूनच जन्माला आली. दिल्ली, मुंबई, लंडन येथे प्रत्येक वृत्तपत्राला स्वतःचा प्रतिनिधी ठेवणे परवडत नाही. जिल्ह्याच्या वृत्तपत्राला तर ते मुळीच शक्य नसते. म्हणून अनेकांनी मिळून एक प्रतिनिधी ठेवावा आणि खर्च वाटून घ्यावा, ही कल्पना निघाली. प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया ही संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली आणि १९४९ मध्ये तिने रॉयटर्सच्या अधिपत्याखालील असोसिएटेड प्रेस ऑफ इंडियाचे काम हाती घेतले, ते वृत्तपत्रांच्या सामाईक मालकीच्या याच तत्त्वावर. १९४८ मध्ये दादासाहेब आपटे यांनी स्थापन केलेल्या हिंदुस्थान समाचारने भारतीय भाषांतून बातम्या पुरवण्याचा मार्ग धरला. युनायटेड न्यूज ऑफ इंडियाचे काम १९६१ मध्ये सुरू झाले. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, या संस्था समाचारभारतीसह 'समाचार' नावाच्या एकाच दावणीला बांधल्या गेल्या आणि १९७८ मध्ये पुन्हा मोकळ्या झाल्या. बातमीचे उगम एकाहून अधिक असणे लोकशाहीला किती आवश्यक असते, हे त्या दोन वर्षांनी शिकवले.

अशा संस्था आपोआप जगत नाहीत. युनायटेड न्यूज ऑफ इंडियासारखी जुनी संस्था २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, ही गोष्ट 'सारे फुकट हवे' म्हणणाऱ्यांनी विसरू नये. संपूर्ण वृत्तपत्राची पीडीएफ प्रत रोज सकाळी हजारो लोकांना वाटणे याला अवतरण म्हणत नाहीत. २०२० मध्ये जागरण प्रकाशनाच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामवरील असा व्यवहार रोखण्याचा आदेश दिला, तो योग्यच होता. तेथे भाष्य नव्हते, टीका नव्हती. दुसऱ्याचा माल दुसऱ्याच दारातून फुकट वाटणे एवढेच होते.

सूत आणि नक्षी

आता दुसरे मत. बातमीवर खर्च झाला म्हणून बातमीतील सर्व काही खर्च करणाऱ्याचे होते काय? सोलापूरच्या माणसाला हा भेद चटकन कळावा. चादरीला लागणारे सूत कोणालाही विकत घेता येते. त्याच सुताची चादर शेजारच्या मागावरही विणली जाते आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. जेकार्डवर उतरवलेली विशिष्ट नक्षी मात्र ज्याने बेतली त्याची असते. बातमीचेही तसेच आहे. धरणात पाणी किती आहे, सभागृहात कोण काय बोलले, अपघात कोठे झाला ही तथ्ये म्हणजे सूत. ती कोणाच्याही मालकीची नाहीत. ती ज्या शब्दांत मांडली किंवा ज्या चित्रांत टिपली ती मांडणी म्हणजे नक्षी, आणि स्वामित्वहक्क आहे तो नक्षीवर.

साहित्यकृतींच्या रक्षणासाठी १८८६ मध्ये झालेल्या बर्न कराराच्या आजच्या मसुद्यात हाच भेद स्पष्ट नोंदलेला आहे. त्या कराराचे संरक्षण दैनंदिन वार्तेला आणि केवळ माहितीच्या स्वरूपाच्या तथ्यांना लागू नाही. कायदेशीरपणे प्रसिद्ध झालेल्या कृतीतून प्रयोजनाला साजेल इतके अवतरण घेणे त्या करारानुसार अनुज्ञेय आहे, आणि त्यात वृत्तपत्रीय लेखांतील अवतरणांचा नाव घेऊन उल्लेख आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात कल्पना, विषय आणि ऐतिहासिक तथ्ये यांवर स्वामित्वहक्क नसतो, तो असतो अभिव्यक्तीवर, असा निर्वाळा दिला.

चित्रफितीच्या बाबतीत थोडी अधिक अडचण आहे, हे मान्य केले पाहिजे. लेखातील तथ्य स्वतःच्या शब्दांत सांगता येते. दृश्य मात्र स्वतःच्या शब्दांत दाखवता येत नाही. एखाद्या मंत्र्याने काय म्हटले यावर टीका करायची असेल, तर तो ते म्हणत असतानाचे दृश्य हाच पुरावा असतो. तो पुरावा दाखवू दिला नाही, तर टीकाकाराचे म्हणणे ऐकीव ठरते. म्हणूनच या प्रश्नाला कायद्याने काय उत्तर दिले आहे, ते पाहणे आवश्यक होते.

कलम ५२ चा अर्थ

स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा. त्याच्या ५२ व्या कलमात कोणत्या कृतींनी हक्कभंग होत नाही याची यादी आहे. खासगी उपयोग व संशोधन, टीका वा समीक्षा, आणि चालू घटनांचे वृत्तनिवेदन यांसाठी केलेला न्याय्य वापर त्यात प्रारंभीच येतो. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुभा संगणकप्रणाली सोडून सर्व प्रकारच्या कृतींना लागू झाली. म्हणजे छापील शब्दाइतकीच ती चित्रफितीलाही लागू आहे. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक वा धार्मिक विषयांवरील लेख, लेखकाने तो हक्क स्पष्टपणे राखून ठेवला नसेल तर, दुसऱ्या वृत्तपत्राला पुनर्मुद्रित करता येतो. शिक्षकाने वा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेल्या उपयोगालाही तेथे स्वतंत्र मुभा आहे. या मुभेचा अर्थ काय, हे दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्स दुकानाविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज इत्यादी प्रकाशकांनी लढवलेल्या खटल्यात २०१६ मध्ये स्पष्ट झाले. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतील प्रकरणांचे संच तयार करणे न्यायालयाने बेकायदेशीर ठरवले नाही. स्वामित्वहक्क हा ईश्वरदत्त वा निसर्गसिद्ध हक्क नसून ज्ञानाच्या वाढीसाठी कायद्याने निर्माण केलेला हक्क आहे, हे त्या निकालामागचे सूत्र होते.

न्याय्य वापराचे माप मात्र कायद्याने शब्दांत वा सेकंदांत सांगितलेले नाही, आणि ते सांगू नये हेच बरे. दहा सेकंदांचा नियम केला, तर अकराव्या सेकंदाचा पुरावा बाद होईल आणि नऊ सेकंदांत सामन्याचा निर्णायक क्षण उचलणारा सुटेल. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिव्हिक चंद्रन खटल्यात, एका प्रसिद्ध मल्याळी नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या नाटकाच्या संदर्भात, तीन कसोट्या सांगितल्या. किती व किती मोलाचे घेतले, कोणत्या प्रयोजनाने घेतले, आणि दोन्ही कृतींत स्पर्धा होण्याचा संभव किती. यांतील तिसरी कसोटी अर्थशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. चालू घडामोडींचा व्हिडिओ पाहिला म्हणून कोणत्याही वृत्तवाहिनीने वृत्तसंस्थेची वर्गणी बंद केली, असे संभवत नाही. भाष्य हे बातमीचे गिऱ्हाईक पळवीत नाही. उलट बातमीचे महत्त्व वाढवते.

अमेरिकेचा दाखला

वृत्तसंस्थांच्या मालकीचा प्रश्न अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी उपस्थित झाला होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटन व फ्रान्स यांनी आपल्या तारा इंटरनॅशनल न्यूज सर्व्हिस या संस्थेला बंद केल्या. तेव्हा ती असोसिएटेड प्रेसच्या, पूर्व किनाऱ्यावर आधी छापून आलेल्या, बातम्या उचलून पश्चिमेकडील ग्राहकांना तारेने पाठवू लागली. १९१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने याला अनुचित स्पर्धा ठरवून मनाई केली. तो निकाल होता एका वृत्तसंस्थेने दुसरीचा माल तिच्याच बाजारात विकण्याविरुद्ध. वाचकाविरुद्ध किंवा भाष्यकाराविरुद्ध तो नव्हता. त्यातही न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी स्वतंत्र मत नोंदवून, एकदा जगजाहीर झालेले ज्ञान सर्वांना मोकळे असले पाहिजे, ही बाजू मांडली.

पुढे ९० वर्षांनी, २००८ मध्ये, याच असोसिएटेड प्रेसने एका लहान संकेतस्थळाला सात अवतरणे काढून टाकण्यास सांगितले. ती ३९ ते ७९ शब्दांची होती. पाच ते पंचवीस शब्दांच्या वापराला साडेबारा डॉलर असा दरही त्या सुमारास प्रसिद्ध झाला. अवतरणाला शब्दमोजणीने दर लावण्याच्या कल्पनेवर चहूकडून टीका झाली, आणि ती होणे अपरिहार्य होते. पाच शब्दांना पैसे मोजून ज्याला टीका करावी लागते, तो प्रथम टीका कमी करतो आणि मग बंद करतो. शिवाय तो ज्याच्यावर टीका करणार, तोच दर ठरवणार असेल तर प्रश्नच मिटला.

हक्क कायद्यात, भीती दारात

मग कायदा इतका स्पष्ट असताना अडचण कोठे आहे? अडचण अशी की, हा तंटा न्यायालयात जाण्यापूर्वीच निकालात निघतो. यूट्यूबच्या नियमांप्रमाणे ९० दिवसांत तीन 'स्ट्राइक' लागले, तर संपूर्ण वाहिनी बंद होऊ शकते. वर्षानुवर्षे केलेले सारे व्हिडिओ तिच्याबरोबर जातात. तक्रार करणाऱ्याला एक अर्ज भरावा लागतो. उत्तर देणाऱ्याला प्रतिसूचना देण्याची सोय आहे, परंतु ती देणे म्हणजे दावा ओढवून घेण्याची तयारी ठेवणे होय. कायद्याच्या ६२ व्या कलमानुसार हक्कभंगाचा दावा वादी जेथे राहतो वा व्यवसाय करतो तेथील न्यायालयातही लावता येतो. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सवलतीला काही मर्यादा घातल्या, तरी दिल्लीच्या संस्थेचा दावा दिल्लीत चालण्याचा संभव कायमच आहे.

सोलापुरातील शिकवण्या घेणाऱ्या माणसाने येथे काय करावे? कलम ५२ त्याच्या बाजूने असेल. पण ते सिद्ध करण्यासाठी दिल्लीचा वकील, दिल्लीचा प्रवास आणि अनिश्चित काळ यांची बेरीज करावी लागते. दुसऱ्या बाजूला तडजोडीची रक्कम असते. अशा वेळी ती रक्कम दृश्याच्या किमतीवरून ठरत नाही, वाहिनी बुडण्याच्या भीतीवरून ठरते. नऊ सेकंदांच्या दृश्याचे मोल आणि बंद पडणाऱ्या उपजीविकेचे मोल यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. दुसऱ्या मोलावर बेतलेल्या मागणीला बाजारभाव म्हणता येणार नाही. ज्याला खरेदी नाकारण्याची सोयच नाही, त्याच्याशी झालेला सौदा हा सौदा नव्हे, हे अर्थशास्त्राचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थीही सांगतील.

याच वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआय या अमेरिकी कंपनीवर, आपला मजकूर यंत्राच्या प्रशिक्षणासाठी विनापरवाना वापरल्याबद्दल, दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. तो वाद निराळ्या जातीचा आहे. तेथे वापर घाऊक आहे, वापरणारा बलाढ्य आहे आणि न्यायालयात उभे राहण्याची ऐपत दोन्ही पक्षांना आहे. शिक्षकाचे दहा सेकंद आणि कंपनीचा घाऊक उपसा यांना एकाच शब्दाने 'चोरी' म्हटले, तर शब्दाचा अर्थच नाहीसा होतो.

अवतरणाचे महत्त्व केवळ आजच्या वादापुरते नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याचे सरकार देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश नियमाने तयार करून घेत असे. हेतू पाळतीचा होता. परंतु सोलापूरच्या 'कल्पतरू'सारख्या पत्रांनी त्या काळी काय लिहिले, हे शोधणाऱ्या अभ्यासकाला आज त्या सारांशांचा आधार मिळतो. मूळ अंक जेथे हरवले, तेथे उतारे उरले. मे १९३० मध्ये या शहरात पुकारलेल्या लष्करी कायद्याचा इतिहास लिहिणाऱ्यालाही समकालीन वृत्तांच्या उताऱ्यांवाचून पाऊल टाकता येणार नाही. ज्या समाजात उतारा देण्यास भीती वाटते, त्या समाजाची स्मृती मालकांच्या तिजोरीत बंद होते.

काय करता येईल?

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. पहिली गोष्ट दरपत्रकाची. परवाने देणाऱ्या वृत्तसंस्थांनी दृश्याचा कालावधी, वापराचे स्वरूप आणि वापरणाऱ्याची आर्थिक स्थिती यांनुसार दर जाहीर करावेत. स्वामित्वहक्क संस्थांना दरपत्रक प्रसिद्ध करण्याचे बंधन २०१२ च्या दुरुस्तीने घातलेलेच आहे. तेच तत्त्व मोठ्या वृत्तसंस्थांना लावण्यास हरकत नसावी. जो दर चारचौघांत सांगता येत नाही, तो न्याय्य असण्याचा संभव थोडा.

दुसरी गोष्ट मुदतीची. तक्रारीवरून मजकूर रोखला, तर २१ दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणावा, अन्यथा मजकूर पुन्हा खुला करता यावा, अशी तरतूद तात्पुरत्या साठवणीच्या संदर्भात कलम ५२ मध्ये आहे. तिचा गाभा सर्वच व्यासपीठांना स्पष्ट शब्दांत लागू करावा. तक्रार अर्जातच 'हा वापर कलम ५२ मध्ये का बसत नाही' याचे उत्तर देणे सक्तीचे असावे, आणि तंटा चालू असताना 'स्ट्राइक' मोजला जाऊ नये.

तिसरी गोष्ट म्हणजे विद्यमान कायद्याचा उपयोग. निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध मनाई हुकूम व नुकसानभरपाई मागण्याचा अधिकार कलम ६० ने दिला आहे. धमकी देणाऱ्याने तत्परतेने दावा लावून तो चालवला तर मात्र हे कलम लागू होत नाही. भाष्यकारांना हे कलम ठाऊक नसते. विधी महाविद्यालयांनी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी अशा प्रकरणांत प्राथमिक सल्ला देण्याची व्यवस्था केली, तर निम्मी भीती तेथेच ओसरेल.

आणि चौथी गोष्ट भाष्यकारांच्याच हाती आहे. घ्यावे ते गरजेपुरते घ्यावे. ज्याचे घेतले त्याचे नाव पडद्यावर ठळक द्यावे. दृश्य सजावटीसाठी न वापरता मुद्द्याच्या पुराव्यासाठी वापरावे. पार्श्वभूमीला काहीतरी हलते हवे म्हणून परक्याची चित्रफीत लावणाऱ्याला न्याय्य वापराची ढाल मागता येणार नाही. ज्याला रोज अशी दृश्ये लागतात आणि त्यातून ज्याला चांगले उत्पन्न होते, त्याने वाजवी परवाना घेण्यास कुरकुर करू नये.

बातमी मिळवणाऱ्याला त्याच्या श्रमाचे मोल मिळालेच पाहिजे. परंतु ते मोल बातमी विकत घेणाऱ्याकडून यावे, बातमीविषयी बोलणाऱ्याकडून खंडणीसारखे वसूल होऊ नये. अवतरणाचा हक्क संसदेने दिलेला आहे. तो दिल्लीत दावा लढवण्याची ऐपत असलेल्यांनाच वापरता येणार असेल, तर कलम ५२ पुस्तकात राहील आणि सोलापुरातला शिक्षक गप्प बसेल.